नवी वक्तृत्व-मंडळे आणि आपल्या संघाचे कर्तव्य

व्यापाऱ्यांच्या कोणत्याही संघाच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त उघडून पाहावे. त्यात बोलणाऱ्यांची नावे फार थोडी आढळतात आणि वर्षानुवर्षे बहुधा तीच तीच आढळतात. आपला संघही या नियमाला अपवाद नाही. हिशेबपत्रक वाचून झाल्यावर ‘कोणास काही सूचना मांडावयाची असल्यास मांडावी’ असे अध्यक्ष विनवतात, तेव्हा सभागृहात स्तब्धता पसरते. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतात. मग सभा संपते, मंडळी जिन्यावर येतात आणि तेथे खरी सभा सुरू होते. कराचा बोजा, उधारीची मुदत, दलालीचे दर, गिरणीतून माल वेळेवर न मिळणे, मुलांच्या शिक्षणाची अडचण, या साऱ्यांवर इतके मार्मिक विचार ऐकू येतात की, हेच शब्द दहा मिनिटांपूर्वी आत का उच्चारले गेले नाहीत, असा प्रश्न पडावा. विचारांचे दारिद्र्य आपणांत नाही. उभे राहून, चारचौघांसमोर, ठरलेल्या वेळात आपला विचार मांडण्याची सवय मात्र आपणांस नाही. ही सवय लावणारी छोटी वक्तृत्व-मंडळे पलसाणा तालुक्यात ठिकठिकाणी निघावीत, हा विचार अलीकडे अनेकांच्या मनात येत आहे आणि तो स्वागतार्ह आहे.

प्रस्तुत लेखाचा हेतू मात्र केवळ त्या विचाराचा पुरस्कार करण्याचा नाही. मंडळ स्थापन करणे ही सोपी गोष्ट आहे. एक शुभ दिवस, एक दीपप्रज्वलन, दोन पाहुण्यांची भाषणे आणि अल्पोपाहार एवढ्या भांडवलावर ते स्थापन होते. कठीण असते ते त्यानंतरचे वर्ष. संघाला या कार्यात खरोखर रस असेल, तर त्याने आपली शक्ती उद्घाटनावर न वेचता त्या पुढच्या वर्षावर वेचावी, एवढेच माझे म्हणणे आहे. ते का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. सुदैवाने त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही, कारण या विषयातील सर्वांत बोधप्रद उदाहरण आपल्या सुरतेतच घडलेले आहे.

तत्पूर्वी, व्यापाऱ्याला बोलण्याची गरज काय, या प्रश्नाचा निकाल लावू. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, तेव्हा सुरतेच्या कापडबाजाराने दोन आठवड्यांहून अधिक काळ दुकाने बंद ठेवली. हजारो व्यापारी रस्त्यावर उतरले. संख्येचे बळ त्या दिवसांत साऱ्या देशाने पाहिले. परंतु संख्या हा युक्तिवाद नव्हे. एक साडी तयार होताना माल किती हातांतून जातो, प्रत्येक टप्प्यावर कराचा हिशेब कसा अडकतो, आणि लहान विणकराला व लहान व्यापाऱ्याला तो का झेपत नाही, हे अधिकाऱ्यासमोर पाच मिनिटांत, आकडे देऊन, न चिडता सांगू शकणारी माणसे अशा वेळी हवी असतात. कापडावरील कर ५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर नेण्याचा निर्णय १ जानेवारी २०२२ पासून अमलात यावयाचा होता. देशभरच्या व्यापारी संस्थांनी व काही राज्यांनी आपले म्हणणे मांडल्यानंतर कर-परिषदेने ३१ डिसेंबर २०२१ च्या बैठकीत तो पुढे ढकलला. मुदतीच्या अगदी आदल्या दिवशी हे घडले. योग्य वेळी मांडलेले म्हणणे दुकान बंद न ठेवताही ऐकले जाऊ शकते, हे त्यावरून दिसले.

आपल्या तालुक्यापुरते बोलावयाचे, तर येथे डाइंग-प्रिंटिंगच्या गिरण्या आहेत, ऊस आहे, महामार्ग आहे. पाणी, धूर, सांडपाणी आणि रस्ते यांविषयीचे प्रश्न येथे नित्याचे आहेत. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे ठराविक प्रकारच्या प्रकल्पांना पर्यावरणविषयक मंजुरी देण्यापूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. तीत शेतकरी बोलू शकतो, कारखानदार बोलू शकतो, दुकानदारही बोलू शकतो. मात्र तेथे जो स्पष्ट बोलतो, त्याचेच म्हणणे नीट नोंदले जाते. बाहेर जिन्यावर काढलेल्या उद्गारांची नोंद कोठेच होत नाही.

आपल्या शेजारच्या बारडोली तालुक्याने हे १९२८ सालीच दाखवून दिले आहे. शेतसाऱ्यात केलेली २२ टक्क्यांची वाढ शेतकऱ्यांना अन्याय्य वाटली. वल्लभभाईंनी गावोगाव सभा घेतल्या, त्या शेतकऱ्याच्या रोजच्या भाषेत, बैल, नांगर आणि पावसाचे दाखले देत. त्या सभांची कथा सर्वश्रुत आहे. पण त्यानंतर जे झाले, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. सरकारने नेमलेल्या ब्रूमफील्ड-मॅक्सवेल चौकशी समितीपुढे गावच्या खातेदारांनी आपली जमीन, पीक आणि खर्च यांची माहिती स्वतः सांगितली आणि वाढ ६.०३ टक्क्यांवर आली. पुढाऱ्याच्या वाणीने लोक जागे झाले, आणि सामान्य माणसाच्या नेमक्या बोलण्याने आकडा बदलला. वक्तृत्व-मंडळाला घडवावयाचा आहे तो हा दुसऱ्या प्रकारचा वक्ता. व्यासपीठ गाजवणारा दहा हजारांत एखादाच निपजतो, असे जुने सुभाषितकार म्हणतात. तो तसाच निपजू द्यावा. आपणांस हवी आहेत ती आपली बाजू नीट सांगू शकणारी शंभर साधी माणसे.

आता सुरतेकडे वळू. २२ जून १८४४ रोजी सुरतेत ‘मानवधर्म सभा’ स्थापन झाली. तिचे प्राण होते गुजराती शिक्षक दुर्गाराम मंछाराम, म्हणजे दुर्गाराम मेहताजी. त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते ते मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर. दादोबा त्या काळी सुरतेच्या सरकारी शाळेत शिक्षक होते. त्यांच्याबरोबर दलपतराम, दिनमणिशंकर आणि दामोदरदास हेही होते. पाचांच्याही नावांचे आद्याक्षर ‘द’ असल्यामुळे ही मंडळी ‘पाच दद्दे’ म्हणून ओळखली जाई. दर रविवारी सभा भरे. विषय मांडला जाई, श्रोत्यांस शंका विचारण्याची मोकळीक असे, आणि जादूटोणा, मंत्रतंत्र, विधवांची स्थिती, जातिभेद यांसारख्या, ज्यांच्याविषयी कुजबुजणेही त्या काळी धाडसाचे होते, अशा प्रश्नांवर उघड चर्चा होई. पश्चिम भारतातील आरंभीच्या सुधारक सभांमध्ये तिची गणना होते. एक मराठी गृहस्थ आणि एक गुजराती गृहस्थ यांनी मिळून सुरतेत ती उभी केली, ही गोष्ट गुजरातेत राहून मराठी बोलणाऱ्या आपल्या कुटुंबांनी विशेष अभिमानाने ध्यानी ठेवावी अशी आहे.

ही सभा पुढे किती वर्षे चालली? दादोबा १८४६ साली मुंबईस गेले. दुर्गाराम मेहताजींची १८५२ साली राजकोटला बदली झाली. त्याबरोबर सभाही संपली. तिच्यावर बंदी आली नव्हती, तिचे विषय संपले नव्हते, किंवा श्रोत्यांची हौसही फिटली नव्हती. दोन माणसे गावातून गेली आणि त्यांच्या जागी उभे राहण्यास तयार केलेले तिसरे माणूस नव्हते. तरीही या सभेविषयी आज आपण एवढे सांगू शकतो, याचे श्रेय दुर्गारामांच्या एका सवयीला आहे. ते सभेच्या कामकाजाची टिपणे ठेवीत. महीपतराम रूपराम यांनी १८७९ साली लिहिलेल्या दुर्गारामांच्या चरित्रात ती आली, आणि त्यामुळेच ती सभा स्मृतीतून नाहीशी झाली नाही. व्यापाऱ्याला यातील बोध निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. पेढी मालकाबरोबर बुडाली, पण कीर्दीची वही शिल्लक राहिल्यामुळे व्यवहार काय झाला ते कळले.

त्याच काळात सुरतेचाच एक तरुण मुंबईत शिकत होता. पुढे कवी नर्मद म्हणून त्याने कीर्ती मिळविली. १८३३ साली जन्मलेल्या या तरुणाने १८५१ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास, एक व्याख्यान दिले. त्याचा विषय होता ‘मंडळी मळवाथी थता लाभ’, म्हणजेच मंडळी एकत्र जमल्याने होणारे लाभ. गुजराती गद्यातील आरंभीचा निबंध म्हणून आज त्याची गणना होते. आधुनिक गुजराती गद्याच्या उंबरठ्यावर वक्तृत्व-मंडळाचाच विषय उभा असावा, हा योगायोग मोठा सूचक आहे. आणि हे गद्य घडले ते एकान्तात बसून नव्हे, तर बरोबरीच्या तरुणांच्या मंडळीत उभे राहून बोलण्यासाठी.

सुरतेत जे घडले तेच साठ वर्षांनी अमेरिकेत पुन्हा घडले. आज ‘टोस्टमास्टर्स’ या नावाने जगभर पसरलेल्या वक्तृत्व-मंडळांचे जनक राल्फ स्मेडली हे तरुण ख्रिस्ती संघात, म्हणजे वाय. एम. सी. ए. मध्ये, शिक्षणाचे काम पाहत. १९०५ साली इलिनॉय राज्यातील ब्लूमिंग्टन येथे त्यांनी तरुणांसाठी पहिले भाषण-मंडळ काढले. ते उत्तम चालले. मग त्यांची बदली झाली आणि मंडळ विसकटले. पुढे ज्या ज्या गावी ते गेले, तेथे त्यांनी मंडळ काढले, आणि त्यांनी गाव सोडताच ते मंडळ मावळले. २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातील सांता अना येथे काढलेले मंडळ मात्र टिकले. कारण या वेळी तीन गोष्टी नव्याने घडल्या. शेजारच्या गावांनी आपापली मंडळे काढली, त्या सर्वांचा एक संघ झाला, आणि संस्थापकाच्या तोंडी असलेली शिकविण्याची पद्धत छापील पुस्तिकेत उतरली. गुरू दूर असला तरी अभ्यास चालू राहावा, अशी व्यवस्था झाली. आज त्या संस्थेत नव्या मंडळासाठी किमान २० सभासद लागतात. मंडळ उभे करण्यास साहाय्य करणारे ‘पुरस्कर्ते’ आणि स्थापनेनंतर काही महिने बरोबर राहणारे ‘मार्गदर्शक’ अनुभवी सभासदांतून नेमले जातात. एका माणसाच्या वारंवारच्या अपयशातून ही व्यवस्था जन्मली आहे. आपण तरी त्याच अपयशाची पुनरावृत्ती का करावी?

महाराष्ट्रातही याचा पडताळा मिळतो. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला दीडशे वर्षांच्या घरात पोहोचली. रानडे सरकारी नोकरीत होते. त्यांच्याही बदल्या झाल्या, आणि १९०१ साली ते निवर्तले. व्याख्यानमाला टिकली, कारण तिच्यामागे ‘वक्तृत्वोत्तेजक सभा’ ही संस्था उभी होती. तथापि व्याख्यानमाला आणि वक्तृत्व-मंडळ यांत एक भेद आहे, तो विसरता कामा नये. व्याख्यानमालेने चांगला श्रोता घडतो. वक्ता घडावयाचा तर त्याला स्वतः उभे राहावे लागते. चातुर्मासाचे चार महिने आपण भक्तिभावाने प्रवचने ऐकतो. श्रवणात आपला समाज कोणालाही हार जाणार नाही. पण पोहणे काठावर बसून शिकता येत नाही, त्याला पाण्यात उतरावे लागते.

याच कारणास्तव मोठ्या वार्षिक वक्तृत्व-स्पर्धेविषयीही थोडे स्पष्ट बोलतो. चांदीचा करंडक, बाहेरगावचे परीक्षक, रंगमंच आणि छायाचित्रे हा सोहळा प्रेक्षणीय असतो. पण स्पर्धेत उतरतो तो, ज्याला आधीच बोलता येते. ज्याला बोलता येत नाही तो तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवितो, आणि घरी जाताना ‘हे आपले काम नव्हे’ अशी गाठ मनाशी अधिक घट्ट मारून जातो. संघाच्या तिजोरीतील जो पैसा एका संध्याकाळच्या स्पर्धेवर खर्च होईल, त्यात तीन छोटी मंडळे वर्षभर चालतील.

‘छोटी’ हा शब्द मी हेतुपुरस्सर वापरला आहे. हिशेब मांडून पाहू. मंडळ दर पंधरवड्यास भरले, तर वर्षाच्या २४ सभा होतात. प्रत्येक सभेत सहा-सहा मिनिटांची तीन तयार भाषणे ठेवली, तर वर्षात ७२ भाषणे होतील. सभासद २० असतील, तर प्रत्येकाच्या वाट्यास वर्षाला तीन ते चार पाळ्या येतात. सभासद ६० झाले, तर एक पाळी जेमतेम येते, आणि वर्षातून एकदा बोलून कोणाचीही भीती जात नाही. म्हणून वीस-पंचवीस सभासद झाले की त्याच मंडळाचे पोट फुगवू नये, शेजारी दुसरे काढावे. पलसाणा, कडोदरा आणि चलथाण अशी तीन मंडळे एका मोठ्या मंडळापेक्षा शतपटीने बरी.

सभेचा क्रमही साधा असावा. तीन तयार भाषणांस अठरा मिनिटे लागतील. त्यानंतर आठ जणांस आयत्या वेळी विषय देऊन प्रत्येकी दोन मिनिटे बोलावयास लावावे, त्याची सोळा मिनिटे होतील. शेवटी प्रत्येक तयार भाषणावर एकेका सभासदाने तीन मिनिटे अभिप्राय द्यावा, त्याची नऊ मिनिटे. कामकाजाचा वेळ धरून सव्वा तासात सभा संपते. आपल्याकडे पुष्कळ घरी सूर्यास्तापूर्वी भोजन होते. रात्री आठ ते सव्वानऊ ही वेळ त्यांस सोयीची आहे, आणि खानपानाची व्यवस्था नसल्याने खर्चही नाही. शाळेची एखादी खोली किंवा संघाचे कार्यालय एवढी जागा पुरे आहे. एका सभासदाने घड्याळ सांभाळावे आणि वेळ संपताच, बोलणारा शेठ असो वा मुनीम, घंटा वाजवावी. घंटेपुढे सारे सारखे, ही समजूत पहिल्याच सभेत पक्की झाली पाहिजे.

अभिप्राय देणे हे या साऱ्यांतील सर्वांत नाजूक काम आहे. ‘फार छान झाले’ असे म्हणून बसणारा वक्त्याचे हित करीत नाही, आणि दहा दोष मोजणारा त्याला पुन्हा उभे राहू देत नाही. जे साधले ते आधी नेमके सांगावे, मग एकच उणीव दाखवावी, आणि ती पुढील वेळी कशी भरून काढावी हे सुचवावे. व्यापारी घराण्यातील तरुणाला याचा आणखी एक लाभ आहे. नोकराची चूक त्याचा मान राखून कशी दाखवावी आणि गिऱ्हाइकाची तक्रार शांतपणे कशी ऐकावी, हे तो नकळत येथे शिकेल.

सभाशिस्तीचे महत्त्व सांगण्यासाठी पुन्हा सुरतेचेच स्मरण करावे लागते, पण या वेळी ते खेदाने. डिसेंबर १९०७ मध्ये तापीच्या तीरी भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनात देशातील थोर वक्ते एकत्र आले होते. सुरेंद्रनाथ बॅनर्जी, फिरोजशहा मेहता, नामदार गोखले आणि लोकमान्य टिळक हे सर्व तेथे होते. अध्यक्षपदी रासबिहारी घोष यांची निवड व्हावयाची होती. टिळकांनी दुरुस्ती मांडण्याची परवानगी चिठ्ठी पाठवून मागितली होती. तिचे उत्तर मिळाले नाही, तेव्हा ते व्यासपीठावर जाऊन उभे राहिले. गोंधळ माजला, एक जोडा भिरकावला गेला, तो बॅनर्जी व मेहता यांना लागला, आणि पोलिसांनी मंडप रिकामा केला. दोन्ही पक्ष पुन्हा एकत्र येण्यास १९१६ साल उजाडावे लागले. दोष कोणत्या पक्षाचा होता, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की, वक्तृत्वाची तेथे उणीव नव्हती. उणीव होती ती दुरुस्ती केव्हा मांडावी, ती कोणी स्वीकारावी आणि विरुद्ध मत शेवटपर्यंत कसे ऐकावे, या सर्वमान्य रीतीची. म्हणून वक्तृत्व-मंडळात प्रत्येक सभासदाने पाळीपाळीने अध्यक्षस्थानी बसलेच पाहिजे. बोलणे आणि बोलू देणे ही एकाच विद्येची दोन अंगे आहेत.

आता संघाने नेमके काय करावे, ते सांगतो. पहिली गोष्ट माणसांची. प्रत्येक नव्या मंडळामागे संघाने दोन अनुभवी व्यक्ती एका वर्षासाठी द्याव्यात. त्यांनी प्रत्येक सभेस हजर राहावे, पण पदाधिकारी होऊ नये. पहिल्या तीन महिन्यांत त्यांनी करून दाखवावे, पुढील सहा महिन्यांत करवून घ्यावे, आणि शेवटच्या तीन महिन्यांत मागच्या रांगेत बसून केवळ पाहावे. वर्ष संपताच त्यांनी त्या मंडळातून बाहेर पडावे व दुसऱ्या ठिकाणी जावे. त्यांच्यावाचून चालणारे मंडळ हीच त्यांच्या कामाची पावती समजावी. मंडळाचे अध्यक्ष व चिटणीस दर सहा महिन्यांनी बदलावेत, आणि एकदा पद भूषविलेल्याने आपल्या जागी येणाऱ्यास आधी एक महिना बरोबर घेऊन काम शिकवावे.

दुसरी गोष्ट वहीची. कोण कोणत्या विषयावर किती मिनिटे बोलला, अभिप्राय काय मिळाला आणि पुढील पाळी कोणाची, हे त्याच रात्री लिहिले जावे. दुकानाची कीर्द दुसऱ्या दिवसावर टाकणारा व्यापारी फार काळ टिकत नाही. मंडळाचेही तसेच आहे. या वहीवरून नव्या चिटणिसाला सारे कळेल, आणि कोणता सभासद दोन महिने आलेला नाही हेही वेळीच ध्यानात येईल. त्याच्या घरी जाऊन विचारपूस करणे हे अर्धे संघटनकार्य आहे.

तिसरी गोष्ट पैशाची. या बाबतीत आपल्या तालुक्याच्या पूर्वेतिहासातच एक उत्तम धडा आहे. पलसाणा हा पूर्वी बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांताचा भाग होता. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानभर ग्रंथालयांची चळवळ सुरू केली, तेव्हा गावच्या ग्रंथालयासाठी एक नियम केला. गावाने आपली वर्गणी जमवावी, मग तेवढीच रक्कम प्रांत पंचायत देईल आणि तेवढीच सरकार देईल. ज्या गावाला स्वतःची पै खर्च करण्याइतकी आस्था नाही, त्या गावावर पुस्तके लादली गेली नाहीत, आणि ज्याला आस्था आहे त्याला एकाकीही सोडले नाही. हाच नियम आपण घ्यावा. एक तृतीयांश भाग मंडळाच्या सभासदांनी द्यावा, एक तृतीयांश संघाने द्यावा, आणि एक तृतीयांश आधी स्थिरावलेल्या मंडळाने शेजारच्या नव्या मंडळासाठी काढून ठेवावा. पहिल्या मंडळापुरता हा शेवटचा भाग एखाद्या दानशूर सभासदाने उचलला तरी पुरे. संपूर्ण खर्च मात्र एकट्या दात्याने करू नये. दात्याचे नाव मोठे होते, पण मंडळ त्याच्या मर्जीवर राहते.

यावर काही आक्षेप येतील. व्यापाऱ्याचे भूषण मौन आहे, त्याला वाचाळ कशाला करता, असे वडीलधारी मंडळी विचारतील. त्यांचा आदर राखून सांगावेसे वाटते की, सहा मिनिटांत विषय संपविण्याचा सराव हा वाचाळपणावरचा उतारा आहे. लांबण लावतो तो बहुधा ज्याने कधी तयारी केलेली नसते तोच. आपल्या धर्माने भाषासमिती सांगितली ती बोलू नये म्हणून नव्हे, तर हितकर, मोजके आणि सत्य बोलावे म्हणून. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेचे निमंत्रण आचार्य आत्मारामजी महाराजांना आले. साधूंच्या आचारास सागरप्रवास मानवणारा नसल्याने सौराष्ट्रातील महुवा येथील वीरचंद राघवजी गांधी हे एकोणतीस वर्षांचे गृहस्थ प्रतिनिधी म्हणून गेले. त्या वेळी समाजाच्या वतीने बोलू शकणारा गृहस्थ तयार होता, म्हणून ते साधले. तो तयार नसता तर?

तरुण म्हणतील की, आम्ही भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यासमोर रोजच बोलतो. पण कॅमेरा जांभई देत नाही, शंका विचारीत नाही, आणि चुकलेला भाग पुसून पुन्हा घेऊ देतो. समोर बसलेली वीस माणसे असे काही करू देत नाहीत, म्हणूनच त्यांच्यासमोर शिकणे खरे.

भाषा कोणती, हा प्रश्नही निघेल. आपल्या घरांत मराठी, मारवाडी, गुजराती आणि हिंदी यांचा शेजार आहे. खानदेशातून तापी खोऱ्याच्या रेल्वेने आलेल्या कुटुंबांच्या तिसऱ्या पिढीला मराठी बोलता येते, पण मराठीत मुद्देसूद मांडणी करताना ती अडखळते. माझे मत असे की, तयार भाषण ज्याने त्याने आपल्या आवडत्या भाषेत करावे, परंतु वर्षातून निदान एक भाषण मातृभाषेत आणि एक गुजरातीत व्हावे. मातृभाषा घरासाठी टिकावयास हवी. आणि ज्या भूमीत आपण मीठ-भाकर खातो, तिची भाषा शेजाऱ्याच्या हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी यावयास हवी. दादोबांनी सुरतेत हेच केले होते.

स्त्रियांचा आणि नोकरवर्गाचा प्रश्न मी शेवटी घेतला, तो कमी महत्त्वाचा म्हणून नव्हे. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली, तेव्हा स्त्रियांची गाऱ्हाणी एका स्त्रीच्याच तोंडून तशा ठिकाणी ऐकली गेली. आज आपल्या अनेक सुना व लेकी पेढीचे हिशेब, कराची विवरणपत्रे आणि परगावचा पत्रव्यवहार सांभाळतात, पण संघाच्या सभेत त्या स्वागतगीतापुरत्याच व्यासपीठावर येतात. मंडळात त्यांस पहिल्या दिवसापासून सभासदत्व आणि पद असावे. तसेच मुनीम, गुमास्ते आणि त्यांची मुले यांसही दार उघडे असावे. मालक ज्या खोलीत बोलावयास शिकतो, त्याच खोलीत नोकरही शिकला, तर दुकानातील अनेक गैरसमज भांडणापर्यंत न जाता बोलण्यावरच मिटतील. मंडळात संघाच्या निवडणुकीचा प्रचार, पंथांचे वाद आणि मालाची जाहिरात या तीन गोष्टींस मात्र मज्जाव असावा.

संघाच्या कार्यकारिणीस माझी विनंती मोठ्या योजनेची नाही. या वर्षी पलसाण्यात एकच मंडळ काढावे. त्यास वीस सभासद, दोन मार्गदर्शक, एक घड्याळ आणि एक वही द्यावी. उद्घाटनाचा समारंभ करू नये. वर्षअखेरीस ती वही आणि २४ सभांचा अहवाल वार्षिक सभेपुढे ठेवावा. त्या दिवशी मार्गदर्शकांवाचून मंडळ चालत असेल, तर दुसरे मंडळ कडोदऱ्यास काढावे. चालत नसेल, तर का चालत नाही हे वहीवरून शोधावे. आणि त्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे सूचना मागविल्या, तर आजवर कधी न बोललेला एखादा सभासद उभा राहून दोन मिनिटांत आपले म्हणणे सांगून खाली बसतो की नाही, यावर या साऱ्या खटाटोपाचे मोजमाप करावे.